एक्झिट-रीएंट्री

जर्मन लीगचा शेवटचा शनिवार. ड्युटी सुटल्यावर मी आखातातल्या आमच्या लेबर कॅम्पच्या मेसमध्ये मोबाइलवर मॅच बघत बसलो होतो. शेजारी धोंडीराम येऊन बसला, मांडीवर त्याचा प्रेशर कुकर. अडीच वर्षांनी उद्या तो सुट्टीवर गावी निघणार होता. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नाही. पण मॅच संपून शेवटचा तक्ता आला, तसं त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं.

“हारूनभाई, हे खालचे दोघे लाल का?”

“शेवटचे दोन संघ. खालच्या लीगमध्ये गेले.”

“म्हणजे फायनल एक्झिट? कायमचे घरी?”

“नाही रे, एक्झिट-रीएंट्री. तिकडे चांगले खेळले, की परत वर.”

“मग मैदानात एवढे बाप्ये रडतायत कशाला?” धोंडीराम हसला. “आम्हाला रीएंट्री मिळाली, की आम्ही अख्ख्या रूमला चहा पाजतो.”

मग त्याने कुकर माझ्याकडे सरकवला. “हा तेवढा सांभाळा. दोन महिन्यांत आलोच.” खिशातून घडी घातलेला कागद काढला. “आणि आज ऑफिसने सुट्टीचा व्हिसा दिलाय, सगळा अरबीत. तुम्हाला वाचता येतं ना? परत यायची तारीख कुठली टाकलीय, बघा जरा.”

मी कागद वाचला. पुन्हा एकदा वाचला. तारीख नव्हतीच.

मी कुकर उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

“धोंडीराम, हा पण बॅगेत घाल.”