सरावाचं कार्ड

बाबा ज्या देशात वारले, तिथेच मला नर्स म्हणून जायचं होतं. तोंडी परीक्षा तिथल्याच भाषेत होती. सरावात पेशंटची नातेवाईक म्हणून बसायला आईशिवाय होतंच कोण? आजचं कार्ड निघालं: पेशंट गेल्याचं नातेवाइकांना सांगा. शिकवल्याप्रमाणे मी मऊ आवाजात, थांबत थांबत वाक्य म्हटलं. आईने त्या भाषेतला आपल्याला येणारा एकमेव शब्द उच्चारला, "धन्यवाद." मी हसले. "अगं, पेशंट गेला म्हणतेय मी. इथे रडायचं असतं." "परत म्हण बरं." मी म्हणून दाखवलं. तिने माझ्याकडून कार्ड काढून घेतलं. "बाबा तिकडे ॲडमिट होते, तेव्हा फोनवर तिथली नर्स हेच बोलली होती. अशाच मऊ आवाजात. मी धन्यवाद म्हणाले." कार्ड उलटंसुलटं करत म्हणाली, "मला वाटलं, घरी सोडताहेत. दोन दिवस त्यांच्या गादीला ऊन दाखवत होते."