दोन गुण

लाइल केसलर अमेरिकन फुटबॉलचा लांबट चेंडू पोटाशी कवटाळून रेषेपलीकडे कोसळला आणि एल्डन क्रीकची माणसं बाकांवर उभी राहून नाचू लागली. सहा गुण! फळ्यावर आकडे चढले : हॅस्कर्ड वीस, एल्डन क्रीक एकोणीस. वेळ जवळजवळ संपली होती.

कोच ऑरिन मॅडॉक्स तेवढे नाचले नाहीत. हॅस्कर्डचं कॉलेज मोठं, पोरं बैलांसारखी. "कितीने हरणार एवढंच सांगा, कोच. आम्ही लवकर जेवायला जातो," असं सकाळीच न्हाव्याने दाढी करताकरता विचारलं होतं. आणि आता फक्त एक चाल उरली होती. लाथ मारून चेंडू खांबांमधून धाडला तर एक गुण, म्हणजे बरोबरी. धावत रेषेपार नेला तर दोन, म्हणजे विजय. फसलं तर पराभव.

कप्तान लाइल धापा टाकत कडेला आला.

"लाथच मारू, कोच. बरोबरी पुरे झाली."

"का रे? दमलास?"

लाइलने मान खाली घातली. "आज हरलो तर प्राचार्य तुम्हाला घरी बसवणार आहेत. मिसेस मॅडॉक्सनी सांगितलं आम्हाला."

आठवडाभर कोचनी ही गोष्ट पोटात ठेवली होती. आणि ही पोरं ती मनात घेऊन दुपारभर चिखलात अंग ठेचून घेत होती!

"माझ्या नोकरीचं मी बघतो," ते खेकसले. "चार वर्षं मार खाल्लात ना त्यांचा? मग? आता हातातोंडाशी आलेला घास सोडायचा? दोन गुण! पळ!"

लाइल गेला. पोरांनी डोकी एकत्र केली, काहीतरी कुजबुजली आणि सरळ लाथेसाठी उभी राहिली. लाइल चेंडू धरायला गुडघ्यावर बसला. लाथ मारणारा मोजून मागे सरकला.

कोचचं डोकं फिरलं. "अरे गाढवांनो! दोन म्हटलं ना मी! दोन!" ते कडेने धावत सुटले. टोपी काढून चिखलात आपटली. लाइलने त्यांच्याकडे न बघताच हात झटकला, जसा लग्नात पिऊन आलेल्या काकाला झटकावा तसा.

हॅस्कर्डची पोरं खदखदून हसली. "म्हाताऱ्याला कोणी विचारत नाही रे! लाथ अडवा, लाथ!" सगळे मधोमध झेपावले.

चेंडू लाइलच्या हातात आला. लाथ हवेतच फिरली. लाइल उठला आणि मोकळ्या पडलेल्या कोपऱ्याकडे सुसाट पळाला. रेषा ओलांडली तेव्हा त्याच्या आसपास चिटपाखरूही नव्हतं.

एकवीस!

माणसं कठडे ओलांडून मैदानात घुसली. न्हावी भर गर्दीत कोणाच्या तरी आजीला मिठी मारून रडत होता. कोच वाट काढत लाइलपर्यंत पोचले आणि त्यांनी त्याची कॉलर धरली. डोळ्यांतलं पाणी मात्र लपेना.

"नालायका, मला आधी सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं," लाइल हसत म्हणाला, "तर तुम्हाला इतकं खरं ओरडता आलं असतं का?"