शेजाऱ्याची ओळख

"आता गोलात बसा," उद्धवराव म्हणाले. "प्रत्येकानं शेजाऱ्याची ओळख करून द्यायची. नाव, गाव, काम. स्वतःबद्दल कुणी बोलायचं नाही."

चिंचवडच्या शाळेत त्या दिवशी आसपासच्या कारागिरी वर्गांचे प्रमुख चर्चेला जमले होते. पिंपरीला औषधांचा कारखाना आल्यापासून शिकलेले हात हवे होते, म्हणून सगळे वर्ग एकत्र करून मोठं केंद्र निघायचं होतं. ते दौलतरावांकडे जाणार हे ठरल्यासारखंच होतं. बायकांच्या विभागाला मात्र प्रमुख मिळायची होती.

चर्चा चालवणाऱ्या उद्धवरावांच्या मनात भोसरीच्या शिवणवर्गाच्या सोजराबाई होत्या. बाई चारचौघांत बोलू शकतात हे आज सगळ्यांना दिसलं की काम झालं. म्हणून त्यांनी मुद्दाम सोजराबाईंना दौलतरावांच्या शेजारी बसवलं. आपल्या या हुशारीवर ते सकाळपासून खूश होते.

ओळख करून घ्यायला वेळ दिला तेव्हा बाकीचे गप्पांत रंगले. हे दोघं मात्र समोरच्या भिंतीकडे बघत बसले. उद्धवरावांना रागच आला. दौलतराव नगरकडून नुकतेच आलेले, विद्वान. बायको लग्नानंतर लवकरच पटकीनं गेली, पण त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही, असं लोक आदरानं सांगत. पण म्हणून भोसरीतल्या बाईशी दोन शब्द बोलू नयेत?

दौलतरावांची पाळी आली.

"या सोजराबाई," ते खाली बघत म्हणाले. "माहेर नेवाशाकडचं. चौथीपर्यंत शिकल्या. हाताला सफाई आहे." आणि त्यांनी रुमालानं मान पुसली.

म्हणजे आधीच चौकशी करून आलेत, उद्धवरावांना वाटलं. वरिष्ठ असावा तर असा. उगीच रागावलो आपण.

मग सोजराबाईंची पाळी आली. त्या बोलेनात.

"बाई, नाव सांगा. मग गाव, काम."

सोजराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, नजर जाजमावर. नवरा परगावी असतो, यापलीकडे त्या स्वतःबद्दलही कधी काही सांगत नसत. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

उद्धवरावांचे कान तापले. बाईंची लाज वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची. कुठे कुठे जाऊन मोठ्या तोंडानं यांचं नाव पुढे केलं होतं. आता कोण देणार यांना विभाग?

"बुजल्या असतील, राव," चाकणच्या सुतारवर्गाचे चिमाजी हळूच म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. दौलतरावांना समदेच वळखतात."

"हो, हो, पुढे चला," दौलतराव घाईनं म्हणाले. "वेळ जातोय."

पण आत्ता सोडून दिलं, तर सोजराबाईंचं काम इथंच संपलं हे उद्धवरावांना कळत होतं. त्यांचा आवाज नको तितका चढला.

"बाई, उद्या तुम्हाला यांच्या हाताखाली काम करायचंय. शेजारी बसलेल्या माणसाचं साधं नाव तुम्हाला सांगता येत नाही?"

आपण एका बाईला सगळ्यांदेखत टाकून बोललो, हे उद्धवरावांना बोलून झाल्यावर उमगलं.

सोजराबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

"सांगते की," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात कापत नव्हता. "गाव प्रवरेकाठचं. काम तुमाला समद्यांना ठाव हाय. घरची माणसं इचारा, येकयेक सांगते. नाव तेवढं चिमाजीभाऊंना घ्यायला सांगा. आमच्यात बायको ते घेत न्हाई."