व्हायोलिनमागचा श्वास

"आज तरी ऐकू आला का?" बायकोने विचारलं.

तराजूंनी डोळे न उघडताच नकारार्थी मान हलवली. ती आत गेली. स्पीकरमधून व्हायोलिन वाजत राहिलं, कालच्यासारखंच.

नोकरीत असताना ते दुकानांतली वजनमापं तपासत. बाजाराने त्यांना तराजू हे नाव ठेवलं आणि ते घरापर्यंत येऊन चिकटलं. मुलाने गाण्याच्या सिस्टिमसाठी महागडी डिजिटल केबल आणली, तेव्हा व्याह्यांच्या देखत त्यांनी पोराचंही माप काढलं.

"आतून जातात ते शून्य आणि एक. सोन्याच्या तारेतून गेले म्हणून त्यांचं सोनं होतं का? कुणीतरी टोपी घातलीय तुला." एवढ्यावरही ते थांबले नाहीत. केबल उपटायला त्यांनी कपाटामागे हात घातला.

मुलाने तो हात धरला. "व्हायोलिनच्या मागे वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, बाबा. तुम्ही कधी कुणाचं ऐकून घेतलं असतंत, तर तुम्हालाही आला असता. येईल तेव्हा फोन करा."

त्याच संध्याकाळी तो सुनेला घेऊन घराबाहेर पडला.

शब्दाने शब्द वाढतो म्हणतात. इथे अबोलाच वाढत गेला. नात झाल्याचं व्याह्यांकडून कळलं. ती आता भिंत धरून चालते, हेही त्यांच्याकडूनच. तराजू आतून पार खचले होते. त्या केबलला पुन्हा हात लावायचा नाही, अशी त्यांनी शपथच घेतली होती. कपाटामागे ते झाडूसुद्धा जाऊ देत नसत.

बायको परत बाहेर आली. "म्हणा की ऐकू आला म्हणून. तुमचं काय जातंय?"

"तो विचारेल, कसा होता. मी खोटं बोललो की माझ्या आवाजावरूनच कळतं त्याला."

"मग घाला त्या खरेपणाचं लोणचं. मला माझी नात बघायचीय हो."

तराजूंनी पंखा बंद केला. खिडकी लावून घेतली. देवा, एकदाच ऐकू दे, असं म्हणत ते पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी स्वतःचा श्वास रोखून धरला.

आणि तो आला. सूर वर चढण्याआधी कुणीतरी हळूच श्वास घेतला. त्यांनी तेवढाच तुकडा परत लावला. तिथेच, तस्साच. म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला. डोळे पुसायलाही न थांबता त्यांनी फोन लावला.

"बाबा?" मागे कुठेतरी बाळ बडबडत होतं.

"ऐकू आला रे. सूर चढायच्या आधी घेतो तो. पहिल्यांदा घाईत, मग सावकाश. तुझंच बरोबर होतं. मी चुकलो."



"आईने बोलायला लावलं ना?"

"मी जन्मात खोटं माप पास केलं नाही. तुला माहितीये."

"माहितीये." मुलगा म्हणाला. "उद्या येतो आम्ही, छोटीला घेऊन. आणि बाबा, ती केबलही आणतो. त्या दिवशी निघताना मी ती काढून बॅगेत टाकली होती. तिकडे तुमच्याकडे लावलीय ती टीव्हीच्या खोक्यात फुकट आलेली साधी केबल."