साहेबांचा नियम

"ओ साहेब, म्हाताऱ्या माणसाला कुटुंबातून वगळायचा हक्क तुम्हाला दिला कुणी?" निपाणीच्या चंद्राबाई पंधरा दिवस मनातल्या मनात मुलाच्या स्वीडिश साहेबाला झापत होत्या.

कंपनीने बंगळूरच्या माणसांना सहकुटुंब स्वीडनला नेलं, पण पद्मनाभने आईला आधीच सांगून टाकलं होतं, "डोंगर चढायचे, होड्या वल्हवायच्या, असली सुट्टी आहे ती. साठीच्या पुढचं कुणी नको, साहेबांचा नियम आहे." जन्मात एकदा विमानात बसायची त्यांची हौस तिथंच विझली. "बरं झालं, जिमीची सोय झाली," असं म्हणत सुनेने पॉमेरेनियनचा पट्टा त्यांच्या हातात दिला. तिकडे पोरं सायकली हाणत होती आणि इकडे बंगळूरच्या जयनगरात त्या कुत्र्याला घेऊन रोज तीनदा तीन मजले उतरत होत्या, चढत होत्या.

सगळे परतले आणि रविवारी साहेब घरी जेवायला आला. चंद्राबाई वाढत होत्या. साहेबाने हात जोडले, काळजीने काहीतरी विचारलं, आणि नात निधीने ते मराठीत सांगितलं.

"आजी, ते म्हणतायत, तुझी जागा शेवटपर्यंत ठेवली होती. पण तुला दोन पायऱ्याही चढवत नाहीत, असं बाबांनीच कळवलं. आता कसे आहेत गुडघे?"



चंद्राबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "पदू, साहेबाला मी मागनं सांगते. आधी तू मला सांग, माझे गुडघे दुखले कधी रे?"