तांब्या

गिऱ्हाईकाच्या गालावर साबण तसाच ठेवून न्हावी पुन्हा दुकानामागे पळाला, तशी बाकावरची माणसं हसली. डबा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोला, शेवंताला, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, सारखा तांब्या तोंडाला लावता, मग सारखी लघवीला होणार नाही तर काय?" तिने पाण्याचा तांब्या उचलला आणि घरी नेला.

तो तसाच तहानलेला दाढ्या करत राहिला. ओठ सुकत गेले, सदरा अंगावर लोंबायला लागला. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "त्याची साखर एकदा तपासून घे गं."

"लग्नसराई आटपू दे," शेवंता म्हणाली.

लग्नसराईतच, वस्तरा हातात असताना, तो खुर्चीपाशी कोसळला.

"साखर बेसुमार वाढली होती. त्यानेच लघवीला होत होती, त्यानेच घसा कोरडा पडत होता," डॉक्टर म्हणाले. "फार उशीर केलात, बाई."

तो गेल्याचा तिसरा दिवस. कोपऱ्यात त्याच्यासाठी दिवा तेवत होता, शेजारी रीतीप्रमाणे पेलाभर पाणी. शेवंताने पेला बाजूला सारला. दुकानातला तोच तांब्या काठोकाठ भरून दिव्यापाशी ठेवला.

"प्या हो," ती म्हणाली. "आता नाही उचलून नेणार."