कुंकवाचं बोट

खंडेनवमीच्या सकाळी कंपनीत सगळ्यांनी नव्यानं बांधलेल्या यंत्राला काचेबाहेरूनच हात जोडले, कारण चिप बनवणाऱ्या त्या यंत्राला धुळीचा कणही चालत नाही. आधीच ते दोनदा नापास झालं होतं. आज शेवटची चाचणी होती. पुसायला आत गेलेल्या मंदा ढोरेला राहवलं नाही. हातमोजा काढून तिनं यंत्राच्या दाराच्या आतल्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं.

दुपारी गिऱ्हाइकाची माणसं आली. यंत्रात पुन्हा कण सापडले आणि ऑर्डर हातची गेली.

संध्याकाळी साहेब तिच्याजवळ येऊन बसले. "ताई, दिवाळीआधी कंपनी बंद होईल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्याइतकं स्वच्छ कोणी पुसत नाही, हे मी त्यांनाही सांगितलं."

मंदानं लाल झालेलं नख मुठीत मिटून घेतलं.